आधारची झेरॉक्स देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

फसवणुकीसाठी फोन करणाऱ्याला आपले पूर्ण नाव, पत्ता, बँकेची शाखा आणि कधीकधी आधार क्रमांकही ठाऊक असतो, आणि एवढे ठाऊक असलेला माणूस बँकेचाच असणार असे समजून एरवी सावध असणारी व्यक्तीसुद्धा पुढचा तपशील सांगून मोकळी होते. यातील बरीचशी माहिती आपणच कुठेतरी दिलेली असते: सिमकार्डाच्या दुकानात, लॉजच्या काउंटरवर, भाड्याचे घर दाखवणाऱ्या एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यामुळे बचावाची सुरुवात झेरॉक्सच्या दुकानापासूनच करावी.

जिथे केवळ ओळख पटवायची आहे, तिथे आधारची प्रत द्यायचीच झाली तर ‘मास्क्ड आधार’ द्यावे. आधार प्राधिकरणाच्या ‘मायआधार’ संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येते आणि त्यावर क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेले असून शेवटचे चारच दिसतात. उतरवलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष. ही रचना सर्वांसाठी सारखीच असल्याने, फाइलला पासवर्ड आहे म्हणून ती कोणालाही पाठवावी असे मुळीच नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, आधारची छायाप्रत सरसकट कोणालाही देऊ नये आणि मास्क्ड आधार वापरावे, असे निवेदन काढले होते. लोकांचा गैरसमज होईल या कारणास्तव ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. निवेदन मागे गेले तरी त्यातला सल्ला मला आजही योग्यच वाटतो.

कागदी प्रत देताना तिच्यावर आडवी स्वाक्षरी करून ‘केवळ अमुक कामासाठी’ असे तारखेसह लिहावे, आणि ते अक्षर मजकुरावरून जाईल असे पाहावे, नाहीतर कोपऱ्यातली ओळ दुसऱ्या झेरॉक्समध्ये सहज झाकता येते. सायबर कॅफेत फाइल उघडली असेल तर ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी.

याहून महत्त्वाचे, आणि फार थोड्या लोकांनी केलेले काम म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेत, म्हणजे गावोगावी बँकेचे प्रतिनिधी (बँक मित्र) वापरतात त्या एईपीएसमध्ये, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच पुरते. ओटीपी लागत नाही की पिनही लागत नाही. काही राज्यांत नोंदणीकृत खरेदीखतांवरचे ठसे उचलून, त्यांचे कृत्रिम साचे करून लोकांच्या खात्यांतून अशाच रीतीने रकमा काढल्या गेल्या. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून मायआधारवर ठसे कुलूपबंद करून ठेवावेत आणि गरज पडेल तेव्हा तात्पुरते उघडावेत. मात्र ज्यांना दरमहा रेशन दुकानावर अंगठा द्यावा लागतो किंवा नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला ठशाने करायचा असतो, त्यांनी निघण्यापूर्वीच ते उघडावेत. अन्यथा रांगेत उभे राहून परत यावे लागेल. घरातील ज्येष्ठांसाठी हे काम मुलांनी करून द्यावे. त्याच संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आपले आधार कुठे-कुठे पडताळले गेले याची नोंदही दिसते. तीत अनोळखी नोंद आढळल्यास प्राधिकरणाच्या १९४७ या क्रमांकावर कळवावे.

आधीच देऊन झालेल्या प्रतींचे काय? त्या परत मिळणार नाहीत, परंतु त्यांचा गैरवापर झाला आहे का, हे दोन ठिकाणी तपासता येते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर चालू असलेले सर्व मोबाइल क्रमांक दिसतात आणि जो आपला नाही तो तिथूनच कळवता येतो. दुसरे ठिकाण क्रेडिट अहवालाचे, म्हणजे आपल्या नावावरील कर्जांच्या नोंदीचे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर पॅनच्या आधारे कोणी परस्पर कर्ज काढले असल्यास ते वर्षभर दडून राहत नाही.

फोनबद्दल थोडक्यात सांगायचे तर, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतुकीच्या चलनाची किंवा लग्नपत्रिकेची म्हणून आलेली एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडू नये. बँकेचे नाव सांगितले गेल्यास फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर प्रथम १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतानाच ती गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून बँकेलाही लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर तोट्याचा भार येत नाही; चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास तो मर्यादित राहतो. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून चूक आपली असली तरी लाजेपोटी थांबू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, परंतु बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीची ती पोच मात्र लागते.