जंपिंग कोर्सवर बार पडतोय? आधी स्वतःचे पाय बघा

अजिलिटी म्हणजे कुत्र्यानं मालकाच्या इशाऱ्यावर अडथळे पार करायचा खेळ, आणि जंपिंग हा त्यातलाच उड्यांचा प्रकार. कुत्रा बसतो, थांबतो, बोलावलं की येतो आणि एकटी उडी नीट मारतो, एवढं मी धरून चालतो. हे येत नसेल तर आधी ते करा. आणि पिल्लू वर्षाच्या आतलं असेल तर बार, म्हणजे हर्डलची आडवी दांडी, जमिनीवरच ठेवा, हाडं अजून कच्ची असतात. पूर्ण उंचीच्या उड्या दीड वर्षानंतर. "आमचा तर सहा महिन्यांचाच सोफ्यावरून उड्या मारतो" वगैरे मला सांगू नका.

जंपिंग कोर्स म्हणजे हर्डल, टनेल आणि फार तर वीव्ह पोल्स (ओळीत उभे खांब, कुत्र्यानं त्यांतून नागमोडी जायचं). चढायचा ए-फ्रेम, चालायची फळी, सी-सॉ यातलं काही नसतं, त्यामुळे कुत्र्याचा वेग कमी होतच नाही आणि तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. अजिलिटीचा खेळ १९७८ मध्ये क्रफ्ट्स नावाच्या इंग्लंडमधल्या डॉग शोमध्ये मधल्या वेळेतली गंमत म्हणून सुरू झाला, घोड्यांच्या शो-जंपिंगवरून. पण घोड्यावर माणूस बसलेला असतो, हातात लगाम असतो. इथे पट्टा नाही, हात लावायचा नाही, हातात खाऊसुद्धा नाही, जे सांगायचं ते अंगानंच.

सामान: पीव्हीसी पाइपचे चार हर्डल पुष्कळ झाले. मी इंदूरच्या सियागंज बाजारातून पाइप आणून घरीच केले. बार नुसता टेकलेला हवा, पाय लागला की पडला पाहिजे, घट्ट बसवलात तर कुत्र्याचा पाय मोडेल. दोन हर्डलमध्ये पाच ते सात मीटर.

जागा: आपल्या इंदूरची काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि वर साबणासारखी घसरते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात ज्यात पंजा अडकतो. गवताचं मैदान बघा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा, पोहे नंतर.

कोर्स चालून बघणं: आधी कुत्र्याच्या रेषेनं चाला, मग तुमच्या. हर्डलच्या क्रमाचे नंबर पाठ झाले म्हणजे कोर्स समजला असं नाही, कुठल्या हर्डलनंतर तुम्ही बाजू बदलणार तेवढं पक्कं पाहिजे.

आता मुद्द्याचं. बाजू बदलणं, म्हणजे फ्रंट क्रॉस. यात माझं दीड वर्ष गेलं.

कुत्रा तुमच्या डाव्या हाताला पळतोय आणि पुढचं वळण असं आहे की तो उजव्या हाताला हवा. तुम्ही त्याच्या पुढे जाता, त्याच्याकडे तोंड करून डावीकडे वळता, हात बदलता, तो उजवीकडे. कागदावर एवढंच. मैदानावर आमचा खंड्या (गावठी, कान उभे, आगाऊ) वळणाच्या हर्डलवर दर वेळी मागच्या पायानं बार पाडायचा. एक बार म्हणजे पाच फॉल्ट (दोषगुण). मैदानावरच्या जाणकारांचे सल्ले सुरू: बार उंच करा म्हणजे पाय उचलेल, जोरात नाव घ्या, टाळी वाजवा, पाडला की रागवा. मी सगळं केलं. बार उंच केला तर तो जास्तच पाडायला लागला, रागावलो तर हर्डलच्या बाजूनंच निघून जायला लागला, म्हणजे आता रिफ्यूजल (उडी नाकारल्याचा दोष) पण.

शेवटी भाच्यानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि म्हणाला, "मामा, तो हवेत आहे आणि तू अजून सरळच पळतोयस. तो वर गेल्यावर तू वळतोस." बघितलं तर खरंच. मी वळायचो तेव्हा खंड्या बारच्या वर, तो मला बघून हवेतच अंग मुरडायचा, मुरडलं की मागचे पाय खाली येणारच, बार गेला. आणि वर मी त्याच क्षणी "खंड्याऽऽ" ओरडायचो! हवेतल्या कुत्र्याला दिलेली कुठलीही सूचना उशिराचीच. सरळ लांब उडी मारायची की आखडून वळायचं हे तो पंजे जमिनीवर असतानाच ठरवतो.

म्हणून तुमचंही शूटिंग करा आणि पुढचे पंजे जमीन सोडतात त्या फ्रेमवर थांबवा. तुमची छाती अजून पुढच्या दिशेला असेल तर तुम्ही लेट आहात, बाकी चर्चा नको. त्या फ्रेममध्ये तुमचा वेग कमी झालेला आणि खांदा वळायला लागलेला दिसला पाहिजे, आणि तो खाली टेकेपर्यंत हात बदलून तुम्ही पुढच्या हर्डलकडे निघालेले पाहिजेत. वेग कमी करणं हीच खरी सूचना आहे, कुत्रे पाय आणि खांदे वाचतात, आवाज त्यानंतर.

मग प्रश्न येतो की मी लवकर वळलो तर तो उडी न मारताच माझ्याकडे येतो. येणारच, कारण त्याला तुमच्याशिवाय उडी मारायची सवयच नाही. एकच हर्डल, बार खाली. त्याच्याबरोबर पळा, पण रोज एक पाऊल आधी थांबा आणि तो एकटा पुढे जाऊन उडी मारून आला तर खाऊ. त्यानं बारकडे बघून पावलं जुळवली की त्याचं उडी मारायचं ठरलं समजा, तो क्षण डोळ्यांना दिसायला लागला की तुम्ही सुटलात. एका वेळी सहा-सात उड्या, बास. माझे यात तीन आठवडे गेले, आणि ते बिनबोलाचे तीन आठवडे होते, तोंडातून आवाज काढायचा नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दुसरी चूक जागेची. लोक हर्डलच्या खांबाला चिकटून उभे राहतात आणि तिथेच गिरकी घेतात. कुत्र्याची उतरायची जागा नेमकी तीच. मी एकदा असाच उभा होतो, खंड्या सतरा-अठरा किलोचा, थेट गुडघ्यावर आला, दोघंही चिखलात, आणि फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, "कुत्र्याला शिकवताय का कुस्ती खेळताय?" क्रॉस करायचा तो पुढच्या हर्डलच्या रेषेवर, त्याला उतरायला जागा सोडून, आणि वळताना पाय चालू ठेवून. जागेवर भोवरा करू नका.

पुढे पोचणारच नाही असं दिसलं तर फ्रंट क्रॉसचा हट्ट सोडा. रिअर क्रॉस करा: तो हर्डलकडे निघाला की त्याच्या मागून तिरके पलीकडे जा, तेही त्यानं उडी घ्यायच्या आधी. पन्नाशीच्या गुडघ्यांना हाच बरा. घुटमळलात तर तो मागे वळून बघेल आणि थांबेल. ब्लाइंड क्रॉस, म्हणजे कुत्र्याकडे पाठ करून बाजू बदलणं, वेगवान असतो पण फ्रंट क्रॉस वेळेवर जमेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका, एवढं माझं ऐका.

टनेल: तो तोंडाशी गेला की तुम्ही पळा, तो आत असताना तुम्हाला थोडा फुकटचा वेळ मिळतो.

वीव्ह पोल्स: पहिला खांब त्याच्या डाव्या खांद्याला. बाकी तो वेगळाच विषय.

आणि शेवटचे दोन हर्डल. इथे सगळे सैल पडतात, झालंच आता म्हणून पळणं थांबवतात, कुत्रा मान वळवून बघतो आणि शेवटचा बार पडतो. प्रॅक्टिसमध्ये शेवटच्या हर्डलच्या पुढे आठ-दहा पावलं त्याचा चेंडू आधीच ठेवून द्या आणि तुम्हीही तिथपर्यंत पळत जा.