अनोळखी किडा दिसला? पंप उचलण्याआधी नीट पाहा

पाऊस ओसरून पिकं फुलोऱ्यात आली की शेतात एरवी न दिसणारे किडे घिरट्या घालू लागतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं काहीतरी कानाशी घोंघावलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तो आवरा. किडा नेमकं काय करतोय, ते आधी पाहा.

हवेत एका जागी थांबणारा, झटकन बाजूला सरकून पुन्हा तिथेच येणारा किडा बहुधा सिरफिड माशी असते. घामाच्या ओढीने ती हातावरही बसते. दिसायला मधमाशी किंवा गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नसते. ओळख डोक्यावरून पटवा: डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापणारे, मिशा अगदी आखूड. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि कंबर बारीक. पंख माशीला दोन, गांधीलमाशीला चार. पण शेतात उभं राहून ते मोजणं कठीण जातं.

आता माव्याने, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, भरलेला शेंडा उलटून पाहा. बिनपायाची, तोंडाकडे निमुळती, हिरवट अळी दिसेल. ती मावा तोंडात धरून वर उचलते, रस शोषते आणि नुसतं कातडं टाकून देते. ही सिरफिडचीच अळी. पूर्ण वाढ होईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा फस्त करते. अशा अळ्या असतील, तर मावा वाढतोय की घटतोय हे दोन-तीन दिवस पाहा आणि मगच फवारणीचं ठरवा. घाईच्या फवारणीत या अळ्या मरतात, आणि उरलेल्या माव्याला मोकळं रान मिळतं.

मागे लांब सुईसारखी शेपटी असलेला बारीक कमरेचा किडा अळ्यांच्या अंगात अंडी घालतो. त्यालाही जगू द्या, मात्र चिमटीत धरू नका. काही जाती टोचतात. मेलेल्या अळीजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसले तर ते अशाच मित्रकीटकांचे असतात. चिरडू नका.

सगळेच पाहुणे भले नसतात. फळावर चालत, थांबत, पोटाचं टोक सालीत रुतवणारी माशी ही फळमाशी. डंखाच्या जागी अनेकदा डिंकाचा थेंब दिसतो. डंखलेली आणि गळालेली फळं रोज वेचून नष्ट करा, माश्यांना वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावा. अनोळखी किडा बाहेरून आलेली परकी कीडही असू शकतो. अशी कीड किती झपाट्याने पसरते हे मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीने दाखवलं आहे: 2016 मध्ये आफ्रिकेत, 2018 मध्ये भारतात.

फवारावंच लागलं तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा. मधमाशी किंवा गांधीलमाशीने डंख मारला आणि श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा.

किडा ओळखू आला नाही, तर वरून आणि बाजूने फोटो काढा. मेलेला सापडला तर छोट्या बाटलीत ठेवा, चिठ्ठीवर पीक, तारीख आणि तो झाडाच्या कोणत्या भागावर होता ते लिहा आणि कीटकतज्ज्ञांना दाखवा.