सॅम्पल रेट बदलल्याने येणारी विकृती कशी तपासावी
ध्वनीचे दर सेकंदाला किती नमुने साठवले जातात तो सॅम्पल रेट. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची ध्वनिफीत ४४.१ किलोहर्ट्झवर आणताना नव्या रेटच्या निम्म्या, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झच्या वरच्या वारंवारिता आधी फिल्टरने काढाव्या लागतात. तो फिल्टर कमकुवत असेल तर त्या नाहीशा न होता उलट फिरून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरतात, म्हणजे ३० किलोहर्ट्झचा स्वर १४.१ किलोहर्ट्झवर प्रकट होतो. संगीत ऐकून हा दोष ओळखण्याचा प्रयत्न बहुधा व्यर्थ ठरतो, कारण वाद्यांच्या आवाजात तो सहज लपतो.

त्याऐवजी ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादन प्रणालीत ९६ किलोहर्ट्झ, ३२-बिट फ्लोट (नमुने अतिशय अचूक साठवणाऱ्या) स्वरूपात २० हर्ट्झपासून ४७ किलोहर्ट्झपर्यंत समगतीने चढत जाणारा साइन स्वर (एकाच वारंवारितेचा शुद्ध स्वर) तयार करावा, त्याची पातळी कमाल मर्यादेपेक्षा ६ डेसिबल खाली ठेवावी, म्हणजे क्लिपिंगची (मर्यादा ओलांडून लहरीचे टोक कापले जाण्याची) भेसळ होणार नाही, आणि ४४.१ किलोहर्ट्झवर रूपांतर केल्यानंतर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार वारंवारिता दाखवणारा आलेख, पाहावा. चढणारी एकच रेघ २२.०५ किलोहर्ट्झजवळ संपली तर काम चोख झाले. तिथून खाली वळणारी दुसरी रेघ म्हणजेच वर सांगितलेला उलट फिरण्याचा दोष, एलियसिंग. मात्र स्पेक्ट्रोग्रामची डेसिबल-मर्यादा (दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या व सर्वांत क्षीण पातळीतले अंतर) किमान १२० ठेवावी, अन्यथा फिकट रेघा दिसतच नाहीत आणि सामान्य दर्जाचा रूपांतरकही निर्दोष वाटू लागतो. डिदर (रूपांतरात मुद्दाम मिसळला जाणारा क्षीण गोंगाट) बंद ठेवावा, कारण त्याचा गोंगाट याच फिकट रेघा झाकतो.