एअरो बारवर मान आणि पाठ दुखते? दुरुस्ती सीटपासून सुरू करा

एअरो बारवर, म्हणजे हँडलबारवर बसवलेल्या आणि पुढे येणाऱ्या दांड्यांवर, कोपरं टेकवून पंधरा-वीस मिनिटं झाली की मान भरून येते, मग खांद्यांच्या मधोमध आग व्हायला लागते आणि तासाभरात कंबर धरते. यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण कोपराखालचे पॅड वर उचलतात. थोडा आराम पडतो, पण दुखणं जात नाही, कारण मूळ चूक अनेकदा सीटवर असते.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं, वर हेल्मेट. ताठ बसल्यावर हे वजन मणक्यावर तोललेलं असतं. पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत उचलून धरावं लागतं, शिवाय रस्ता दिसावा म्हणून मान मागेही वाकवावी लागते. ती किती वाकवायची हे खालून ठरतं. कमरेखालचं हाड, म्हणजे पेल्विस, पुढे झुकलं तर पाठ सपाट राहते. ते मागे पडलं तर कंबरेतून कुबड निघतं, छातीमागचा कणा जमिनीकडे वळतो आणि नजर वर आणायचं सगळं काम मानेवर येतं. म्हणून क्रम असा ठेवा: सीट, मग पॅड, मग डोकं.

आधी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावून मोबाइलवर बाजूने दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, तोही वीस मिनिटं पेडल मारून झाल्यावर. सुरुवातीला सगळेच छान बसतात. ट्रेनरमुळे मागचं चाक उचललं गेलं असेल तर पुढच्या चाकाखाली तेवढाच ठोकळा द्या. नाहीतर पुढची बाजू खाली राहते आणि सगळं माप चुकतं.

सीट

उंची पाहण्याची सोपी पद्धत: नेहमीचे बूट घालून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मागून पाहताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे. कंबरेच्या एकाच बाजूला दुखण्याचं हे नेहमीचं कारण आहे. ३ ते ५ मिलिमीटरने खाली आणा, एकदम सेंटीमीटरने नाही.

मग सीट पुढे घ्यायची. रोड बाइकच्या सीटची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांत असते, ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) बाइकची ७६ ते ७८ किंवा त्याहून उभी. रोड बाइकवर नुसते क्लिप-ऑन (वरून बसवायचे) एअरो बार लावले की माणूस लांब ताणला जातो, पेडल वर येताना मांडी पोटाला भिडते आणि पेल्विस मागे ढकलली जाते. कंबरदुखी तिथूनच सुरू होते. सीट तिच्याखालच्या रेलवर २ ते ३ सेंटीमीटर पुढे घ्या. पुढे घेतल्यावर पेडलपासूनचं अंतर कमी होतं, म्हणून दर सेंटीमीटरला सुमारे ३ मिलिमीटर सीट उचला. रेलवरच्या खुणेपलीकडे क्लॅम्प नेऊ नका. जागा पुरत नसेल तर मागे न वळलेला, सरळ सीटपोस्ट (सीटचा दांडा) लावा. एक किंमत मात्र मोजावी लागते: सीट पुढे असताना ताठ बसून चालवलं की हातांवर जास्त भार येतो. त्याच सायकलवर रविवारी घाट चढायचा असेल तर जुन्या जागेवर टेपने खूण करून ठेवा.

सीटचं नाक १ ते ३ अंश खाली चालतं. त्याहून जास्त केलं की माणूस सारखा पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो आणि दुखतं मात्र मानेत. नाकावर दाब सहन होत नाही म्हणूनही लोक पेल्विस मागे टाकतात. अशा वेळी नाक दुभंगलेली सीट लावल्यावर पाठ आपोआप सपाट होते. दहा हजारांच्या हेल्मेटआधी या सीटवर खर्च करावा, हे आमचं ठाम मत.

सीट बसवूनही मांडी पोटाला लागत असेल तर क्रँक (पेडल जोडलेला दांडा) आखूड करा. १७२.५ मिलिमीटरच्या जागी १६५ लावला तर सीट ७.५ मिलिमीटर वर जाते आणि पेडल वरच्या टोकाला तेवढंच खाली येतं. म्हणजे मांडीसाठी १५ मिलिमीटर जागा मोकळी होते. पॅडही ७.५ मिलिमीटर उचला, नाहीतर झुकाव वाढून मानेला नवा त्रास होतो.

पॅड आणि बार

सुरुवात सीटच्या पातळीत ठेवलेल्या पॅडपासून करा. तिथे तासभर न दुखता काढता आला की ५ ते १० मिलिमीटरचा एक स्पेसर (पॅडखालची चकती) काढा, दोन-तीन राइड करा, मग पुढचा. दुखत असताना कधीही खाली जायचं नाही.

बाजूने पाहताना दंड आणि धड यांच्यात साधारण काटकोन हवा, कोपर खांद्याच्या किंचित पुढे. पॅड फार पुढे असतील तर खांद्याच्या पात्यांमध्ये दुखतं, फार मागे असतील तर खांदे कानांपर्यंत चढतात. पॅड कोपराच्या हाडाखाली नको, त्याच्या जरा पुढे, मांसल भागाखाली हवं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर बहुधा कोपरातली नस दाबली जात असते. मानेवर उपचार सुरू करण्याआधी पॅड सरकवून पाहा.

दोन पॅडमधलं अंतर सुरुवातीला खांद्यांइतकं ठेवा, वारा कापायच्या नादात लगेच जवळ आणू नका. एक्स्टेन्शनचं, म्हणजे हातात धरायच्या पुढच्या दांडीचं, टोक १० ते २० अंश वर उचललं की हात पॅडवर टेकून राहतात, घसरण थांबते आणि डोकं हातांमागे सैल सोडता येतं. बोल्ट टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्याइतकेच आवळा (बरेचदा तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो). कार्बनचा हँडलबार असेल तर त्यावर क्लिप-ऑन चालतात का, हे आधी तपासा. सगळेच चालत नाहीत.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक माप वहीत लिहा.

डोकं आणि नजर

गॉगलची वरची कड नजरेच्या आड येत असेल तर तिच्याखालून पाहण्यासाठी मान आणखी मागे जाते. वरून फ्रेम नसलेला गॉगल घ्या आणि नाकावर उंच बसवा. हेल्मेट कपाळावर फार खाली आलं तरी हेच होतं. जाड वेणी किंवा पोनीटेल मागच्या पट्ट्याच्या आत अडकून हेल्मेट पुढे ढकलते, केस पट्ट्याच्या खाली, मानेजवळ बांधा. हनुवटी किंचित आत घेऊन डोळे वर फिरवून पाहायची सवय लावा. मात्र पुढच्या टायरकडे बघत डोकं टाकून चालवणं जीवघेणं आहे.

चालवताना

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं एअरो, पाच मिनिटं ताठ, असं चार वेळा. मग दर आठवड्याला एकूण दहाएक मिनिटं वाढवा. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये सायकलचा टप्पा ९० किलोमीटरचा आहे. ताशी ३० च्या वेगाने तीन तास होतात, त्यामुळे तयारीला आठ-दहा आठवडे द्यावेतच. सराव शर्यतीच्या जोरातही करा. हळू चालवताना पायांवर कमी आणि सीट-हातांवर जास्त वजन पडतं, म्हणून निवांत राइडला एअरो उलट जास्त टोचतं.

दर दहा मिनिटांनी उभं राहून दहा-पंधरा पेडल मारा, खांदे कानांपर्यंत उचलून सोडा. चढावर वेग मंदावला की एअरोचा फायदा फारसा उरत नाही, ताठ बसा. पोहून आल्यावर खांदे आधीच थकलेले असतात, पहिली पाच-दहा मिनिटं ताठच काढा. एअरोमध्ये बोटं ब्रेकवर नसतात. म्हणून रहदारी, गतिरोधक, खड्डे, घाटाचा उतार इथे हात ब्रेकवरच हवेत.

शर्यतीआधी पेनकिलर घेऊ नका. इशारा दाबला जातो, आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात.

व्यायाम

थकलेली मान नुसती ताणत राहून उपयोग नाही, तिला ताकद हवी. आठवड्यातून तीन दिवस एवढं पुरे:

हनुवटी आत ओढून ५ सेकंद धरणं, १० वेळा. पालथं झोपून हनुवटी आत ठेवत कपाळ जमिनीपासून दोन बोटं उचलणं, २० ते ३० सेकंद, ३ वेळा. शलभासन, पण मान मागे न मोडता. साइड प्लँक दोन्ही बाजूंनी २० ते ४० सेकंद. गुंडाळलेला टॉवेल पात्यांखाली आडवा ठेवून दोन मिनिटं उताणं पडणं, कारण वरची पाठ जितकी मागे वाकेल तितकी मान वाचते. शेवटी पाठीवर काठी धरा: डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं ठेवून खुब्यातून दहा वेळा वाका. एअरोत बसताना पेल्विस हीच हालचाल करते.

दिवसभर लॅपटॉपवर मान पुढे काढून बसत असाल तर स्क्रीन डोळ्यांच्या पातळीत आणल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही.

कधी थांबायचं

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून महाराष्ट्रात अतिलांब अंतराची ओढ वाढली आहे. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत मानेचे स्नायू पूर्ण निकामी होऊन डोकं उचलताच न येण्याचा प्रकार घडतो. १९८३ मध्ये सायकलपटू मायकेल शर्मर यांना तो झाला, म्हणून त्याला शर्मर्स नेक म्हणतात. डोकं हाताने आधार देऊन धरावंसं वाटू लागलं तर तीच सुरुवात समजा आणि सायकलवरून उतरा. हट्टाने पुढे गेल्यास रस्ताच दिसत नाही.

हातात झिणझिण्या किंवा पकड सैल होणं, मान हलवताना विजेसारखी कळ, गुडघ्याखाली उतरणारी पायातली वेदना, किंवा दोन दिवस सायकल न चालवताही रात्री जाग आणणारं दुखणं असेल तर फिटिंग बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उतरल्यावरही जांघेतला बधिरपणा जात नसेल आणि लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.