कोल्ड स्टोरेजच्या फरशीखाली या चुका टाळा

नागपुरात कोल्ड स्टोरेज बांधायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष छताकडे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलंय, त्यामुळे ते साहजिकच आहे. फरशीचा विषय काढला तर ठेकेदार म्हणतो, "खालून कायची गरमी येते भाऊ?" छताचं पॅनल नंतर बदलता येतं. फरशीखालचं काही बदलायचं तर खोली रिकामी करून काँक्रीट फोडावं लागतं.

संत्र्याच्या खोलीत ५ ते ७ अंश लागतात. तिथे घोळ होतो तो फरशीखाली इन्सुलेशन म्हणून टाकायच्या थर्माकोलचा. पॅकिंगचा हलका माल अंथरला की रॅकच्या पायाखाली तो दबतो आणि वरचं काँक्रीट तडकतं. शीट घेताना जाडीइतकीच घनता विचारा. फोर्कलिफ्ट फिरणार असेल तर एक्सपीएसच (जास्त दाब सोसणारी घट्ट फोमची शीट) घ्या. थर दोन टाका, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका.

ओल अडवणारा पॉलिथिनचा कागद उबदार बाजूला लागतो, म्हणजे फरशीत इन्सुलेशनच्या खाली. मिस्त्री मात्र तो वरच टाकतो, सिमेंटचं पाणी सांध्यांत उतरू नये म्हणून. वरचाही हवाच, पण एकाच कागदात दोन्ही कामं भागत नाहीत. त्यात आपली काळी माती पावसाळाभर पाणी धरून फुगते. ती आधी उपसून मुरूम भरा.

डीप फ्रीझरचं गणित वेगळं. खोलीत वर्षानुवर्षं उणे १८ अंश असले की एवढ्या तापत्या गावातही फरशीखालची जमीन गोठते! इन्सुलेशन उष्णतेचा वेग कमी करतं, तिला थांबवत नाही. गोठणाऱ्या थराकडे खालची ओल ओढली जाते, बर्फाचे पापुद्रे वाढतात आणि फरशी उचलली जाते. म्हणून इन्सुलेशनखालच्या पीसीसीत, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थरात, हीटर केबल किंवा कोमट ग्लायकोलचे (न गोठणाऱ्या द्रवाचे) पाइप टाकतात. नुसती जाडी वाढवून हे संकट फक्त लांबतं. "थंड खोलीला हीटर कशाला?" म्हणत बिल वाचवायला तो बंद करणारे मालक कमी नाहीत. सुरुवातीला काहीच बिघडत नाही, तेवढ्यानेच त्यांची हिंमत वाढते.

खोलीच्या मधोमध फुगवटा आणि तडा, ओळंब्यातून गेलेले रॅक, ही जमीन गोठल्याची लक्षणं. फक्त दाराशी पाणी किंवा बर्फ दिसत असेल तर आधी दाराचं रबर आणि उंबऱ्याखाली तुटलेलं इन्सुलेशन बघा. फोडाफोडीआधी क्लॅम्प मीटरने हीटरचा करंट मोजा. शून्य आला तर केबल तुटलीय किंवा सप्लायच नाही. जमीन गोठलीच असेल तर घाईने वितळवू नका, माती मऊ होऊन फरशी वेडीवाकडी खचते. नवं काम असेल तर फरशीखालचं तापमान मोजणारा सेन्सर पाइपातून टाका, म्हणजे बिघडल्यावर ओढून बदलता येतो. हीटरची जादा केबलही तेव्हाच टाकून ठेवा.