गहू पिवळा पडल्यावर: शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत या चुका टाळा

शिमगा आला की गोदाकाठच्या शिवारात गहू पिवळा पडायला लागतो आणि नेमकी तेव्हाच माणसांना घाई सुटते. हार्वेस्टरवाला पुढच्या गावाला निघालेला असतो, आभाळ मळभ धरतं, घरात कुरडयांचा दिवस ठरतो आणि परसात काकडी नुकती वेल टाकत असते. या दोन महिन्यांत जे बिघडतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ओलच असते. नको तिथे राहिलेली, नाहीतर हवी तिथून गेलेली.

शेवटची पाळी

गव्हाला पाण्याच्या चार पाळ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात: पेरणीपासून मोजून, मुकुटमुळं फुटताना १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५, फुलोऱ्यात ६० ते ६५ आणि दाणा चिकात असताना ८० ते ८५ दिवसांनी. घोळ होतो तो चौथीला. कांदा काढणीला आला, वीज रात्रीची आहे, "आता काय, झालाच गहू" म्हणत ती पाळी चुकवतात. मग फेब्रुवारीअखेरच्या उन्हात दाणा भरायच्या आधीच पिचकतो. काही जण उलट करतात. दाणा टणक झाल्यावरही "जाता जाता एक पाणी" देतात. त्याने दाणा फुगत नाही, कापणी लांबते. बन्सी गव्हात (रव्या-शेवयांचा कडक गहू) तर नत्र कमी पडलेलं असताना शेवटी असं पाणी मिळालं, की दाण्यावर पांढुरके डाग पडतात आणि बाजारात भाव उतरतो.

दिवस मोजत बसू नका. वावराच्या मध्यातली ओंबी तोडा, दाणा नखाने दाबा. पांढरा चीक आला तर पाणी द्या. पिठूळ गोळा निघाला आणि जमीन भारी असेल तर थांबा. नख उमटतच नसेल तर मोटारीकडे जाऊच नका. ही पाळी वारा पडलेला असताना, पहाटेची द्यायची. दुपारून वारं सुटतं, मुळाशी चिखल आणि शेंड्याला भरलेली ओंबी असली की गहू लोळतो. लोळलेल्या गव्हात हार्वेस्टरचा कटर ओंब्यांच्या वरूनच जातो.

कापणीची वेळ

"पाडव्यानंतर बघू" ही एक चूक आणि "हार्वेस्टर दारात आलाय, घेऊन टाकू" ही दुसरी. पीक पूर्ण पिकायच्या दोन-तीन दिवस आधी, दाण्यात साधारण १५ टक्के ओल असताना कापणी करायची. त्यापुढे थांबलात तर दाणा शिवारातच झडतो, त्र्यंबकसारख्या वाणात तर जास्तच. लवकर कापलात तर दाणा सुरकुततो आणि पोत्यात गरम होतो.

ओल मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. दाणा दाढेखाली धरा. कट्ट आवाज होऊन दोन तुकडे झाले तर ठीक, चपटा झाला तर नाही. याहून भरवशाची रीत मिठाची आहे. काचेची पूर्ण कोरडी बाटली घ्या, तिच्यात पाव भाग गहू आणि दोन चमचे तव्यावर भाजून गार केलेलं मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, मग दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी गहू कोठीत भरायला झाला असं समजू नका. पंधराच्या खाली आला एवढंच कळलं, कोठीसाठी १० टक्क्यांच्या आसपास लागतो.

सकाळी आठला हार्वेस्टर वावरात घालू देऊ नका. ओंबीवर दव असतं, दाणा नीट सुटत नाही आणि सुटतो तो ओला. दहा-साडेदहापर्यंत हार्वेस्टरवाल्यांना चहा पाजत बसवा. त्यांना एकर मोजायचे असतात, आपल्याला पोती. ड्रमचा वेग फार ठेवला तर दाणे फुटतात, आणि फुटक्या दाण्याला कीड आधी लागते. पहिल्या टाकीतला मूठभर गहू तळहातावर पसरून बघा आणि तुकडे दिसले तर तिथल्या तिथे सांगा. बियाणं ठेवायचं असेल तर मशीनमधली पहिली एक-दोन पोती बाजूला काढा, त्यात मागच्या शेतातला गहू असतो. घरी जनावरं असतील तर हार्वेस्टरचा मोह सोडा. मळणी यंत्रावर भुसा हाती येतो, हार्वेस्टर तो शिवारभर उधळतो.

विजेच्या डीपीखालचा आणि लोंबत्या तारांखालचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा आधी विळ्याने कापून घ्या. ठिणगी पडायला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

गरम गहू कोठीत

ही चूक दरवर्षी होते आणि दरवर्षी दोष कोठीला, वाणाला नाहीतर दुकानदाराला दिला जातो.

एका घरची गोष्ट घ्या, चार गावांत अशीच सापडेल. सहा पोती लोकवन. (लोकवन म्हणजे लोक-१. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला वाण. आपल्याकडे 'लोकवन'ची पाटी लावून कुठलाही पिवळसर गहू विकला जातो, तो भाग वेगळा.) गच्चीवर तीन दिवस कडक ऊन दिलं. काम चोख. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला, पाहुणे यायचे म्हणून, हाताला चटका बसेल असा गहू पत्र्याच्या कोठीत ओतला, वर ताज्या कडुनिंबाच्या डहाळ्या पसरल्या आणि झाकण घट्ट लावलं. ज्येष्ठात कोठी उघडली तर वरचा चार बोटांचा थर काळपट, हात घातला की ढेकळासारखा गठ्ठा वर येई. कुबट वास, आणि त्याखाली सोंडे (धान्यातले सोंडकिडे) वळवळत होते. घरच्यांचं म्हणणं, "ऊन कमी पडलं." ऊन कमी पडलं नव्हतं. ते कोठीत भरलं गेलं होतं.

गरम दाण्यांमधली हवा गरम असते आणि तिच्यात वाफ मावते. रात्री पत्रा दाण्यांच्या आधी गार होतो. ती वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला धरते, थेंब होतात आणि परत गव्हावरच ठिबकतात. भाताच्या टोपावर ताट झाकल्यावर होतं तेच, फक्त इथे दोन महिने कोणी ताट उचलत नाही. वर ताजा पाला घातला की आणखी पाणी आपल्याच हाताने घातलं.

सोंड्याचं गणितही समजून घ्या. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबेत महिनाभरात नवा सोंडा बाहेर पडतो. म्हणून चैत्रात स्वच्छ दिसलेला गहू ज्येष्ठात चालायला लागतो. दाणा पुरेसा कोरडा असेल तर हे चक्र जवळपास थांबतं. औषधापेक्षा कोरडेपणा मोठा, तो याच कारणाने.

वाळवायची आमची रीत कंटाळवाणी आहे, पण गहू दिवाळीपर्यंत टिकतो. ताडपत्रीवर दोन बोटांचा थर पसरायचा, जाड नाही. उघड्या जमिनीवर तर नाहीच, खालून ओल आणि खडे दोन्ही येतात. दहा ते चार ऊन द्यायचं, अर्ध्या-पाऊण तासाने पायाने नांगरायचा. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून घरात आणायचा. असं दोन-तीन दिवस. शेवटच्या संध्याकाळी तो भरायचा नाही. घरात, सावलीत, फरशीवर चादर टाकून रात्रभर उघडा पसरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ खोलवर घालायची. आत कुठेही कोमट लागलं नाही तरच कोठी भरायची, तीही काठोकाठ, म्हणजे वर हवा कमी राहते. कडुनिंब घालायचाच तर पाला सावलीत कुरकुरीत वाळवून घाला.

जुना गहू तळाशी राहिलेला असताना त्यावर नवा ओतू नका. जुनं बारदान उकळत्या पाण्यातून काढून, कडक वाळवूनच वापरा. पोती भिंतीला टेकवू नका, फळ्यांवर ठेवा. पाऊस लागल्यावर कोठी रोज उघडायची नाही. उघडीप पडेल त्या दुपारी महिन्याभराचा गहू काढून डब्यात ठेवा.

गोळ्या आणि पावडरी

धान्यातली कीड मारायची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरात ठेवायची नाही. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, तो बंद दाराच्या फटीतूनही शेजारच्या खोलीत जातो आणि माणूस झोपेत दगावतो. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असंही नसतं. "फडक्यात गुंडाळून एकच टाकली" ही सबब ऐकवत नाही.

बोरिक पावडर ही खायच्या धान्याला लावायची वस्तूच नव्हे. गहू धुऊन घेऊ म्हणता, आणि दळायच्या दिवशी धुवायला वेळ नसतो. घरच्यापुरत्या दहा-वीस किलोला एरंडेल लावलं तर चालतं. हात तेलकट करून गहू चोळायचा, दाणे एकमेकांना चिकटतील इतकं नाही.

काड पेटवणं

हार्वेस्टर गेल्यावर उभं राहिलेलं काड पेटवण्याइतका आळशी शॉर्टकट दुसरा नाही. बांधावरचा मोहरलेला आंबा होरपळतो, आग शेजाऱ्याच्या न कापलेल्या गव्हात जाते, आणि जमिनीत जायचा काडीकचरा धूर होऊन जातो. रोटाव्हेटर मारा, पाणी असेल तर एक पाणी द्या, कुजू द्या.

थोडं काड परसात आणा. वेलांच्या आळ्यात चार बोटं थर पसरला की चैत्रात एका दिवसाआड पाणी पुरतं. खोडाला मात्र चिकटवू नका, वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर बुंधा सडतो. आणि परसात उभ्या पिकापाशी ते मातीत कालवू नका. गव्हाचं काड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि भेंडी पिवळी पडते. मग लोक युरिया शोधत फिरतात. वाळवी असेल तिथे हा थर घालायचाच नाही.

"वांझ फुलं" खुडणं

परसबागेतली ही चूक नवशिके हमखास करतात. काकडी, दुधी, दोडका, कारलं या वेलांना आधी नरफुलं येतात. आठ-दहा दिवस फुलं येतात आणि गळतात, फळ काही दिसत नाही. मग कोणीतरी सांगतं, वांझ फुलं आहेत, खुडून टाका. ती खुडली की पुढे मादीफूल आल्यावर परागाला नरच उरत नाही. मादीफूल ओळखायला सोपं आहे. पाकळ्यांच्या मागे बोटभर, केसाळ, इवलंसं फळ आधीपासून असतं. नरफुलाच्या मागे नुसता देठ.

त्यानंतरची तक्रार अशी, की चिमुकलं फळ धरतं, पिवळं होतं आणि गळतं. यावर लगेच फवारा काढतात. फळावर टोचल्याचा डाग आणि आत अळी असेल तर ती फळमाशी. डाग नसेल, फळ नुसतं टोकाकडून पिवळं पडत गेलं असेल, तर परागीभवन झालेलं नाही. आणि सकाळी मारलेल्या फवाऱ्याने उरल्यासुरल्या मधमाश्याही गेल्या.

उपाय दोन मिनिटांचा आहे, फक्त वेळ साधावी लागते. काकडी आणि कारल्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात. ती नऊच्या आत धरा. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून दुधीपाशी सकाळी उभं राहून काही मिळत नाही. त्याच वेळी उमललेलं नरफूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. फवारणी लागलीच तर त्या वेलाची फुलं मिटल्यावर करा.

भर दुपारी पाणी घालू नका. दुपारी काकडीची पानं लोंबकळली म्हणजे तहान लागली असं नाही. संध्याकाळी ती ताठ झाली तर मुळाशी ओल आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील, तरच पाणी कमी पडलंय.

कुरडईचा चीक

गहू तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. एक दिवस विसरलात तर चीक आंबट होतो आणि ती आंबट चव तळलेल्या कुरडईतही राहते. चौथ्या दिवशी वाटून, गाळून रात्रभर ठेवलेल्या चिकावरचं निवळ पाणी सगळं ओतून टाका. आळस करून थोडं ठेवलं की पाण्याचं माप चुकतं. घट्ट चीक जितका, तितकंच पाणी मिठासकट खळखळून उकळायचं. एकाने चीक ओतायचा, दुसऱ्याने लाटण्याने हलवत राहायचं. एकट्याने केलं की गुठळ्या होणारच. पांढरा चीक काचेसारखा झळकायला लागला आणि पातेल्याच्या कडा सोडायला लागला, की झाकून एक वाफ द्यायची. इथे "झालं असेल" म्हणून उतरवलेला चीक कच्चा राहतो, त्याची कुरडई वाळताना तुटते आणि तेलात फुलत नाही. सोऱ्यातून गरम असतानाच घाला, तेही सकाळी आठच्या आत, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची बाजू वाळून दुसऱ्या दिवशी उलटता येतात. दुपारी बाराला घालायला बसलात तर रात्री त्या ओल्याच राहतात आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकवरून निघता निघता चुरा होतो.