संथ, सुंदर गेममध्ये जीव कंटाळतोय? या चुका टाळा

‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ हा गेम ऑगस्ट २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. इंग्लंडच्या श्रॉपशरमधलं १९८४ सालचं एक ओस पडलेलं खेडं, सोनेरी उजेड आणि कानात रेंगाळणारं संगीत असं सगळं त्यात होतं. तरीही पहिल्या दिवसापासून खेळणाऱ्यांची तक्रार एकच होती: चाल सहन न होण्याइतकी धिमी आहे. वेग वाढवायचं बटण मात्र गेममध्ये होतं. आर२ (कंट्रोलरच्या मागचं उजवं बटण) दाबून धरलं की काही सेकंदांत चाल हळूहळू वाढत जाते. गेम ते कुठेच सांगत नव्हता, त्यामुळे स्टुडिओला मागाहून खुलासा करावा लागला.

अशा गेममधला बराचसा वैताग कथेमुळे येत नाही. न सांगितलेलं बटण, चुकीचं सेटिंग आणि घाईच्या गेमची सवय ही त्याची खरी कारणं असतात. ती एकेक करून दूर करता येतात.

धावायचं बटण टॅप करणं

रॅप्चरमध्ये बटण नुसतं टॅप केलं तर काहीच झालं नाही असं वाटतं, कारण वेग टप्प्याटप्प्याने चढतो. बटण सोडलं की पुन्हा सुरुवातीपासून. म्हणून लांबचा सरळ रस्ता लागला की बटण दाबून धरा आणि घराजवळ किंवा गावातले जुने प्रसंग दाखवणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याजवळ पोहोचलात की सोडा. कुठलाही नवा गेम सुरू करताना आधी सेटिंग्जमधली कंट्रोल्सची पूर्ण यादी वाचा. संगणकावर शिफ्ट आणि कंट्रोलरवर डावी स्टिक आत दाबणं, या दोन जागा आधी तपासा. ‘फायरवॉच’मध्ये शिफ्टनेच पळता येतं.

रॅप्चरमध्ये दुसरीही एक गोष्ट अडते. प्रकाशाच्या पुंजक्यापाशी उभं राहून बटणं दाबत बसलं तर प्रसंग सुरू होत नाही. प्लेस्टेशनवर कंट्रोलरच डावीकडे-उजवीकडे हळूहळू झुकवायचा असतो, रेडिओचं स्टेशन जुळवल्यासारखा. आवाज आणि उजेड वाढू लागला की तिथेच थांबा. झटके दिले तर बरोबर कोन हातातून निसटतो.

दोष स्टिकचा, शिव्या गेमला

या बिघाडाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कंट्रोलरच्या स्टिकने चालताना वेग स्टिक किती ढकलली यावर ठरतो. जुनी, झिजलेली स्टिक पूर्ण ढकलूनही कधीकधी शेवटपर्यंत पोहोचत नाही. गेमला ती ८५–९० टक्केच दिसते आणि पात्र कायम अर्धवट वेगाने चालतं. संगणकावर गेम चालवणाऱ्या स्टीम ॲपमध्ये कंट्रोलरच्या कॅलिब्रेशनमध्ये स्टिक गोल फिरवून पाहा. ठिपका कडेला टेकत नसेल तर बाहेरचा डेडझोन वाढवा, म्हणजे ९० टक्क्यांनाच गेम १०० मानेल. त्याआधी एकदा कीबोर्डवर चालून बघा. तिथे वेग जास्त वाटला तर दोष स्टिकचाच आहे.

दृश्याचा कोन अरुंद ठेवणं

फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे एका वेळी पडद्यावर किती अंशांचं दृश्य मावतं ते. तो ६० अंशांवर असेल तर चाल आहे त्याहून मंद भासते. वेगाची जाणीव डोळ्यांच्या कडेने सरकणाऱ्या झाडा-भिंतींवरून होते, आणि अरुंद दृश्यात त्या कडाच कापल्या जातात. मॉनिटर हातभर अंतरावर असेल तर ८० ते ९० ठेवा. सोफ्यावर बसून लांबच्या टीव्हीवर खेळत असाल तर ६५–७५ पुरे. १०० च्या वर गेलात तर कडा ताणल्यासारख्या दिसतात आणि ज्या देखाव्यासाठी गेम घेतला तोच बिघडतो.

मळमळ होत असेल तर आधी मोशन ब्लर (हालचालीत दृश्य धूसर होणं) बंद करा, मग चालताना पात्राच्या डोक्यासोबत कॅमेरा हलणं बंद करा आणि शेवटी कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी कमी करा. एका वेळी एकच बदल करून पाच मिनिटं चाला, म्हणजे कारण नेमकं कळेल.

कॅमेरा सावकाश फिरवताना दृश्य अडखळतं का? संथ गेममध्ये हे जास्त टोचतं, कारण नजर एकाच दृश्यावर बराच वेळ असते. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ४५ ते ६० च्या मध्ये हेलकावत असेल तर तो ठरावीक आकड्यावर बांधून टाका. ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर ६० किंवा ३० घ्या. ४० तिथे सम भागात बसत नाही, पण १२० हर्ट्‌झवर चांगला बसतो, कारण तेव्हा प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दिसते. एवढं करूनही कमी पडत असेल तर सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवा. टेक्स्चरला, म्हणजे पृष्ठभागांवरच्या बारकाव्यांना, हात लावू नका. इथे भिंतीवरचा पोपडासुद्धा बघण्यासारखा असतो.

मनाला येईल तिथे गेम बंद करणं

अशा अनेक गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. ‘द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर’च्या २०१४ च्या मूळ आवृत्तीत कोडं पूर्ण सुटल्यावरच सेव्ह व्हायचं. अर्धं सोडवून बंद केलं की तेवढी मेहनत वाया. इथे खेळणाऱ्याची चूक नाही, रचनाच सदोष होती. नंतर आलेल्या रीडक्स या सुधारित आवृत्तीत सेव्हची पद्धत सुधारली आणि शेवटी राहिलेल्या कोड्यांसाठी करावी लागणारी पायपीटही टळली. निवड असेल तर सरळ रीडक्सच घ्या. बाकीच्या गेममध्ये कोपऱ्यात सेव्हची खूण येईपर्यंत थांबा, मगच बाहेर पडा.

‘आउटर वाइल्ड्स’मध्ये एकाच दाराला धडका देणं

यानातून ग्रहाग्रहांवर फिरायचा २०१९ चा हा गेम २२ मिनिटांच्या चक्रात चालतो. चक्र संपलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, फक्त यानातली नोंदवही टिकते. ती न वाचता उडणं ही इथली सर्वांत महागडी चूक आहे. नोंदीपाशी नारिंगी खूण दिसली तर तिथे अजून काहीतरी बाकी आहे. खूण नसेल तर त्या जागेचा नाद सोडा. एका ठिकाणी दहा मिनिटं अडलात तर बहुधा तिथली माहिती दुसऱ्याच ग्रहावर आहे.

वेळेचंही भान हवं. जुळ्या ग्रहांपैकी ॲश ट्विनवरची वाळू एम्बर ट्विनवर ओतली जात असते. एम्बर ट्विनच्या गुहा वाळूने बुजतात, म्हणून तिथे चक्र सुरू होताच जा. ॲश ट्विनवर दडलेलं हळूहळू उघडं पडतं, म्हणून तिकडे उशिरा. मधला वेळ शेकोटीपाशी डुलकी काढून घालवता येतो. जायंट्स डीप या ग्रहावर भेटणारा गॅब्रो हा प्रवासी पुढे ध्यान शिकवतो, मग अडकलेलं चक्र मेनूतूनच संपवता येतं. त्याला पुन्हापुन्हा भेटत राहा.

ऑटोपायलट लावून नोंदी वाचायला वळू नका. तो सरळ रेषेत जातो आणि मधे सूर्य आला तरी वळत नाही. सूर्य वाटेत असेल तर आधी हाताने बाजूला सरका, मग लावा. उतरताना यान आपटत असेल तर ग्रहावर लक्ष्य लॉक करून वेग जुळवायचं बटण दाबून धरा. सापेक्ष वेग शून्याजवळ आला की थोडा-थोडा धक्का देत खाली या.

नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत चालणं

जंगलात घडणाऱ्या फायरवॉचमध्ये नकाशावर आपली जागा दाखवणारी खूण सेटिंग्जमधून बंद करता येते. ती बंद केली की कंपास, ओढा आणि कडा बघून वाट काढावी लागते आणि तेच रान वेगळं वाटू लागतं. वाटा अपुऱ्या वाटल्या तर पिवळ्या साठवणपेट्या उघडा. सगळ्यांचं कुलूप १२३४ आहे, आणि आतल्या नकाशातले तपशील आपल्या नकाशात उतरवून घेता येतात. रेडिओवरचं बोलणं सुरू असताना मात्र पळू नका. पुढचा प्रसंग सुरू झाला तर मागचं बोलणं तुटतं.

जे बदलणारच नाही ते बदलायला बसणं

एका बेटावर फिरवणाऱ्या २०१२ च्या ‘डिअर एस्थर’मध्ये धावणं नाही, कोडी नाहीत, वस्तू उचलणंही नाही. सेटिंग्जमध्ये शोधून हाती काही लागणार नाही. तो साधारण दीड तासाचा आहे, तेव्हा हेडफोन लावून एका बैठकीत संपवा. निवेदनाचे तुकडे दर खेपेला काही प्रमाणात बदलतात, त्यामुळे एखादं वाक्य निसटलं म्हणून मागे जाण्यात अर्थ नाही. पहिला भाग संपेपर्यंत बेटाने मनाची पकड घेतली नाही, तर खुशाल बंद करा. पुढेही तो असाच चालतो.